झोंबलं म्हणजे लागू पडलं...?

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी सकाळची शाळा आटोपून वाईहून गावी गेलो, तर आबा अंगणात स्टुलावर पाय ठेवून बसलेले. सांगली जिल्ह्यातलं आमचं गाव, आणि आबा म्हणजे माझे वडील... फौजेतले रिटायर्ड हवालदार. दिवसाढवळ्या पाय वर करून बसणं त्यांच्या स्वभावातच नाही, त्यामुळे काहीतरी बिनसलंय हे लगेच कळलं.

तोडणी झालेल्या रानातून येताना उसाचा बुडखा चपलेतून अंगठ्याजवळ घुसला होता. दहा दिवस झाले तरी जखम भरायचं नाव नाही... त्यात आबांना शुगर. डॉक्टरकडे चला म्हटलं की यांच्या बर्फातल्या पोस्टिंगच्या गोष्टी सुरू!

उपचार मात्र जोरात चालू होते, आणि त्याचं सामान मीच पुरवलेलं. मागच्या खेपेला अँटिसेप्टिकची मोठी बाटली मी आणून ठेवली होती. आबा ती सकाळ-संध्याकाळ तशीच जखमेवर ओतायचे, दात-ओठ खायचे आणि वर म्हणायचे, "झोंबलं म्हंजे लागू पडलं."

खोटं कशाला सांगू, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी आठवीला विज्ञान शिकवतो. शरीरावर वापरतात ते अँटिसेप्टिक, फरशीवर वापरतात ते डिसइन्फेक्टंट, फरक स्पष्ट करा, दोन मार्क... हे मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा फळ्यावर लिहिलंय की झोपेतही सांगेन.

तेवढ्यात उपकेंद्रातल्या सिस्टर आल्या. आटपाडीकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरात वाढलेल्या, वय फार तर तीस. बीपी-शुगर तपासायला त्या घरोघर फिरतात. त्यांना बघताच आबांनी झटकन पायावर टॉवेल टाकला, पण वास थोडाच लपतो?

"आबा, घरभर औषधाचा वास सुटलाय. काय झाकताय?" म्हणत त्यांनी टॉवेल उचलला. जखमेच्या कडा पांढऱ्याफटक पडल्या होत्या आणि भोवतीचं कातडं भाजल्यासारखं झालं होतं. त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. "सर, मागचं जरा मोठ्यानं वाचा."

चष्मा काढून, पुसून, परत लावून वाचलं. जखमेसाठी इतक्या पाण्यात इतकं, कपड्यांसाठी वेगळं, फरशीसाठी आणखी वेगळं. एकच बाटली, आणि ती कशाचं औषध होणार हे ठरवणार पाणी... माझ्या फळ्यावरच्या दोन मार्कांत हे कुठेच नव्हतं. मान वर करायची हिंमत झाली नाही.

आबा मात्र हटेनात. "पाणी घातलं की औषधाचा जोर जातोय, पोरी. झोंबाय तर पायजे!"

"आवं आबा, झोंबून बरं झालं असतं तर मिरचीचीच पट्टी बांदली असती की." त्या हसल्याही नाहीत. "उसावर फवारणी करताना पंपाला किती औषध घालता?"

आबांनी पटकन मिलीमध्ये माप सांगितलं. या बाबतीत त्यांचा हात कुणी धरणार नाही, टोपणाने मोजून घालतात.

"बाटलीतलं तसंच का न्हाई मारत?"

"तसं कसं? पीक करपंल की!"

"मग पायाचं कातडं काय उसापरास टणक हाय व्हय?"

माझ्या आठवणीत आबांना असं गप्प करणारं माणूस आमच्या घरात तरी जन्माला आलेलं नाही. दारात उभ्या आईने तर हसू लपवायला तोंडाला पदरच लावला.

सिस्टरांनी आधी स्वतःचे हात साबणाने धुतले. मग नुसत्या स्वच्छ पाण्याने जखम धुतली... कितीतरी वेळ, घाई न करता. पट्टी झाल्यावर मला म्हणाल्या, "मी बांदलं म्हंजे भागलं असं समजू नका. शुगरचा पाय हाय, उद्यावर ढकलू नका. आत्ताच तालुक्याला न्या."

नेलं. डॉक्टरांनी पाय बघून स्पष्ट सांगितलं की आणखी आठवडा काढला असता, तर अंगठा काढावा लागला असता. परतीच्या वाटेवर ती बाटली आणून देणारा मी आबांच्या पट्टीकडेच बघत राहिलो.

पुढे महिनाभर सिस्टर दिवसाआड येत राहिल्या. ऊन असो, दुसऱ्या टोकाच्या वस्तीवरून यायचं असो, अंगणात खाली बसून आबांचा पाय मांडीवर घ्यायच्या आणि पट्टी बदलायच्या. एकदाही "मी सांगितलं नव्हतं का" असं म्हणाल्या नाहीत. मास्तर असून मला हे जमत नाही, हे इथे कबूल करतो.

संक्रांतीच्या सुमारास जखम भरली. आबा पिशवीभर शेंगा घेऊन उपकेंद्रात गेले, तर सिस्टरांनी ओंजळभर घेतल्या आणि बाकीच्या परत दिल्या. म्हणाल्या, "द्यायचंच आसंल तर पारावरच्या चार जणांना ते पंपाचं सांगा."

परवा गावी गेलो तेव्हा आबा घरात नव्हते. पारावर गेलो तर शेजारच्या तात्यांच्या बोटाला कोयता लागलेला, आणि आबा हवालदारी आवाजात त्यांना विचारत होते, "गड्या, पंपाला किती घालतोस?" जणू हा शोध यांनीच लावला!

मला हसू आलं. मग लक्ष गेलं ते आबांच्या पायांकडे... दोन्ही पायांत चपला, काठी नाही, घरापासून पारापर्यंत एकटे चालत आलेले. तिथेच डोळे भरून आले.

सिस्टर, तुम्हाला हे वाचायला वेळ मिळेल न मिळेल. पण आबांच्या पायांची दहाही बोटं जागेवर आहेत... आणि ती तुमच्यामुळे आहेत.