प्लग वाचणाऱ्या मावशी

जगातले सगळे मेकॅनिक काम झाल्यावर हात धुतात. अंबरपेठेतल्या आमच्या मावशी कामाच्या आधी धुवायच्या. तेही साबण लावून, कोपरापर्यंत, ऑपरेशनला निघाल्यासारखे. मग इंजिनातून स्पार्क प्लग काढायचा, घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावायचं आणि प्लगचं टोक उजेडात धरायचं. "माझ्याच बोटाची घाण बघून तुझ्या गाडीला रोग चिकटवू का?" असं वर आपल्यालाच विचारायच्या.

मावशी मूळच्या नांदेडकडच्या, पण जन्म हैदराबादेतला. त्यांच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' इतके सहज यायचे, की पुण्याहून आलेला मी पहिले काही महिने नुसता हसत होतो. नंतर स्वतःच तसं बोलायला लागलो, ते सोडा. गॅरेज नवऱ्याचं. तो गेल्यावर लोक म्हणाले, विकून टाका. यांनी उलट टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा असलेल्या, गाड्यांचं काम शिकून घेतलं. त्यांचे वडील मलकपेठच्या रेसकोर्सात घोडे सांभाळायचे. त्यामुळे हायवेवरून दामटून आणलेली गाडी कुणी दारात येऊन लगेच बंद करायला गेलं, की मावशी आतूनच ओरडायच्या, "अरे, घोडासुद्धा पळून आला की आधी फिरवतेत, मग बांधतेत! टर्बो तापलाय, मिनिटभर चालू राहू दे, नाहीतर आतलं तेल जळतंय." गिऱ्हाईक ओशाळून चावीवरचा हात काढायचं.

मी त्यांच्याकडे गेलो तो चोरासारखा. सॉफ्टवेअरमधला माणूस, हातात लॅपटॉप, डोक्यात किडा. इंटरनेटवरून कुणाचा तरी प्रोग्रॅम उतरवून मी गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरला होता आणि टर्बोचा दाब वाढवला होता. जुन्या प्रोग्रॅमची कॉपी ठेवलेली. बिघडलं तर परत टाकू, हाय काय अन् नाय काय! आणि गाडी काय सुटायची, वा! महिन्याभराने मात्र फ्लायओव्हर चढताना डब्यात चणे हलवल्यासारखा आवाज यायला लागला.

"पेट्रोल खराब असेल," मी मावशींना म्हणालो. "मी काही केलेलं नाही."

त्यांनी हात धुतले. चारही प्लग काढून ओळीने मांडले. तिसऱ्यावर बराच वेळ थांबल्या आणि भिंग माझ्या हातात दिलं. पांढऱ्या चिनीमातीवर खसखशीएवढे चकचकीत ठिपके दिसत होते.

"ही काजळी नाही. पिस्टन आहे तुझा. वितळून इथं येऊन बसायलाय."

पुढचा प्रश्न मला अपेक्षितच नव्हता.

"ही गाडी चालवतं कोण? ड्रायव्हरच्या दारात बाईचा गॉगल आहे. तुझा तर नसेल तो."

"बायको," मी म्हणालो. शलाका दर गुरुवारी झहीराबादच्या कॉलेजात शिकवायला हीच गाडी घेऊन जायची. हायवेने, एकटी.

"पिस्टनला भोक पडून गाडी बंद पडली अन् मागं ट्रक असला तर? तिला माहीत आहे, तू काय केलंयस?"

मी मान खाली घातली. एवढा बाप्या माणूस, पण डोळ्यांत पाणी आलं. मावशींनी हातातला पाना खाली ठेवला. "आधी तिला फोन लाव. मग मी हात लावते."

लावला फोन. सगळं सांगितलं. मग शलाका म्हणाली, "चावी मावशींकडे दे, आणि तू बसने घरी ये."

इंजिन वाचलं. मावशींनी बारका कॅमेरा आत घालून पिस्टन पाहिला. कडा थोडी खरवडली होती, भोक नव्हतं. चारही सिलिंडरांत दाब नीट भरत होता. मूळ प्रोग्रॅम परत आत गेला, प्लग नवे आले, टर्बोच्या पाइपाची एक सैल क्लिप सापडली तीही घट्ट झाली. "आणखी थोडे दिवस चालवली असतीस तर इंजिन उतरवावं लागलं असतं," म्हणाल्या.

गाडी बरी होऊन दारात उभी राहिली, पण शलाका गुरुवारी बसने जायला लागली. भांडली असती तर परवडलं असतं. मी मावशींकडे जाऊन रडगाणं गायलो, "तुम्हीच सांगा तिला, गाडी ठीक आहे म्हणून."

"मी कामून सांगू? अन् तूही 'काही होत नाही' म्हणू नक्को. तेच म्हणून तर ही वेळ आणलीस. दोन महिने गाडी तू चालव, मग तिलाच घेऊन ये."

दोन महिन्यांनी आम्ही तिघं त्या नव्या प्लगांवर वाकलो. वाईट ठिपके कुठे दिसतात, चढावर तो आवाज आला की पाय लगेच कसा वर घ्यायचा, तेल कधी बघायचं, सगळं मावशींनी शलाकाला शिकवलं. माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. प्लग स्वच्छ होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मावशी गॅरेज बंद करून नांदेडला लेकीकडे राहायला गेल्या. निरोपाला गेलो तर पाया पडू देईनात. "जा बाबा, गाडी आता तिच्या ताब्यात आहे. तू मागं बस," म्हणून हसल्या. मला काही हसू येईना; शलाका अजून बसनेच जात होती.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी शलाका तयार झाली आणि तिने गाडीची चावी उचलली. दाराशी थांबली. मला वाटलं, आता विचारेल, तू आणखी काही केलेलं नाहीस ना? तिने विचारलं नाही. "यायला उशीर होईल, भात लावून ठेव," एवढंच म्हणाली आणि जिना उतरली.

खाली गाडी सुरू झाली. मी मावशींना फोन लावला. "मावशी, शलाका आज..."

"हौ, कळलं," मावशी म्हणाल्या. "गुरुवार आहे आज. गेली ना गाडी घेऊन?"