आत्याची अळणी खिचडी

बांगलादेशच्या लढाईत रायपूरबाहेर निर्वासितांची छावणी होती. माझी आत्या तेव्हा कॉलेजात होती, आणि अभ्यास सोडून तिथं खिचडीचे हंडे ढवळायची. पुढे रायपुरातल्याच गुढियारी भागात तिनं एकट्या बायकांसाठी जेवणघर काढलं. विधवेनं घरात कोंडून का घ्यावं, म्हणून तात्यापाऱ्याच्या मराठी वस्तीतल्या अर्ध्या घरांशी भांडली. उरलेली अर्धी तिला नुसती पाहूनच घाबरायची.

आणि नेमकी तिच्याच भावाच्या घरी पंचाईत झाली. मागच्या हिवाळ्यात माझे बाबा गेले, आणि चौबे कॉलनीतल्या आमच्या घरात आईनं कोपरा धरला. उंबऱ्याबाहेर जाईना, दोन घासांपलीकडे खाईना. ही तीच बाई, जी लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला बोलावून झापायची! मी विनवलं, ओरडले, घाबरले. शेवटी आत्याला फोन केला.

आत्या डबा घेऊन आली. सांत्वन नाही, गळ्यात पडणं नाही. म्हणाली, "वहिनी, गुढियारीतल्या बायांसाठी केली खिचडी. पाहा बरं, कशी झाली."

आईनं नाइलाजानं घास घेतला आणि तिचा चेहराच पालटला. "वन्सं, मीठच नाही हिच्यात!"

"हव का? मले तर बरी लागली."

"बरी? डाळ पण कच्ची आहे. त्या बायांना हेच खाऊ घालून राहिल्या तुम्ही?"

आई तरातरा स्वयंपाकघरात गेली. डबा पातेल्यात रिकामा केला, पाणी घालून डाळ शिजवली, मीठ घातलं, वरून जिऱ्याची फोडणी दिली. चाखता चाखता बशीभर खिचडी तिच्या पोटात गेली. मला रडूच आलं.

"मीठ विसरलीस?" मी आत्याला हळूच विचारलं.

"विसरीन काहून? छावणीत शिकली मी, पोट्टे. जेव म्हटलं तर कोणी जेवत नाही. चूक काढ म्हटलं का साऱ्या उठून बसतात."

तेवढ्यात आई पातेलं घेऊन बाहेर आली. "उद्यापासून मी येते गुढियारीत. तुमच्या भरवशावर त्या बाया उपाशी मरतील." मग थांबली, आत्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही जेवल्या काय?"

"मी जेवूनच निघाली."

"खोटं नका बोलू. भाऊ गेल्यापासून धड जेवल्या नाही तुम्ही. गालफडं पाहा आपली." आईनं ताट वाढून समोर ठेवलं.

आत्यानं एक घास घेतला. पदरानं डोळे पुसले.

"मीठ जास्त झालं, वहिनी," ती म्हणाली, आणि दोनदा मागून घेतलं.