तानाबाईचा चुकलेला डोस

मंद्रूपजवळच्या वस्तीवरच्या तानाबाईला दोन गोष्टींचा गर्व, आणि तो तिला शोभतो. एक म्हणजे कळपातलं मेंढरू न् मेंढरू ती चालीवरून ओळखते. दुसरी, सोलापूरच्या दवाखान्यातला डोस तिनं आजवर कधी चुकवला नव्हता.

काही वर्षांपूर्वी तिच्या मानेत, काखेत गाठी आल्या, ताप हटेना, अंगातलं बळ गेलं. सासऱ्यानं मेंढराला देतात तसा गाठीवर तापल्या लोखंडाचा डाग दिला. व्रण अजून आहे. शेवटी सोलापुरात गाठ काढून तपासली, तर कॅसलमन नावाचा दुर्मीळ आजार निघाला. डॉक्टर भुवनेश्वरींनी समजावलं, की शरीरातलाच एक पदार्थ वाजवीपेक्षा वाढून हे सगळं करतो, आणि सलाइनमधून द्यायचं अँटिबॉडीचं औषध नेमकं त्यालाच धरून ठेवतं. दर तीन आठवड्यांनी घ्यायचं. तानाबाई उठली आणि पुन्हा कळपापुढं चालू लागली.

यंदा डोस झाला की दुसऱ्याच दिवशी कळप चारणीला लांब निघायचा होता. नेमका त्याच सुमारास तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. काटा म्हणजे धनगराच्या लेखी दुखणं नव्हेच. कमरेच्या चिमट्यानं तिनं तो उपटला, वर हळद दाबली. टाच सुजली, ठणकू लागली, पण ताप नव्हता. म्हणून डोसच्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिनं काही होत नाही म्हणून सांगितलं.

सिस्टरनं सुई हातात घेतली आणि तानाबाईला आठवलं, लस टोचायला माणूस आला की लंगडणारं मेंढरू ती बाजूला काढते, दुखऱ्या जनावराला सुई नको म्हणून. तिचं तिलाच हसू आलं.

"थांबा बाई, माज्या टाचंत पू हाय."

डॉक्टरांनी डोस पुढं ढकलला आणि टाच बरी होईतो तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं. या औषधानं ताप दबतो, आत चिघळलं तरी कळत नाही. सांगितलंत म्हणून वाचलात, असं त्या म्हणाल्या. तानाबाईला रडू आलं. आता कळप तिच्याविना जाणार होता. तिनं नवऱ्याला, बिरुदेवला, फोन करून तुम्ही पुढं व्हा म्हणून सांगितलं. तोंडावर बायकोचं कौतुक करणारा माणूस नव्हे तो. नुसतं हूं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कुठवर पोचलात हे विचारायला तिनं पुन्हा फोन लावला. पलीकडं वस्तीवरचाच कुणी बिरुदेवला विचारत होता, सगळे कळप गेले, तू अजून का बसलास? त्याचं उत्तर तिला स्पष्ट ऐकू आलं.

"आमची म्होरकी सोलापुरात हाय. ती आल्याबिगर आमचं मेंढरू हलत न्हाय."