पहिल्या तोड्याचं वांगं

माझ्या संगणकावर एक खेळ आहे आणि तो अगदी टाकाऊ आहे. हे मी आकसानं सांगत नाही. कित्येक वर्षं दर रविवारी मी तो खेळत आले आहे. कुठल्याशा थंड देशातल्या एका माणसानं घरी बसून, एकट्यानंच तो तयार केला. घाईत रांधलेल्या जेवणासारखं त्यात काही कच्चं आहे, काही करपलेलं. त्यातला शेतकरी पायात काटा मोडल्यासारखा चालतो. दारातून आत शिरायला त्याला तीन खेपा लागतात. पाऊस आला की घरातही पडतो. बकरी मागे सरकत चरते. हा खेळ आणखी कोण खेळतं म्हणून मी इंटरनेटवर शोधलं, तर पाचसहा जण सापडले, आणि तेही आपसात भांडत होते.

देवळीच्या शाळेत माझ्यासोबत शिकवणारे मास्तर मधल्या सुट्टीत मोबाइलवर बंदुका चालवतात. त्यांचे खेळ चकचकीत असतात, नवऱ्या मुलाच्या गाडीसारखे. माझा खेळ पाहून ते हसले. हसू देत. त्यांच्या खेळांचं कुणावाचून अडत नाही. माझ्या शेतकऱ्याला पावलापावलाला सांभाळावं लागतं, म्हणून माझा त्याच्यावर जीव आहे.

यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. डॉक्टरांनी त्यांना वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, असं बजावलं होतं. केळझरजवळच्या आमच्या वावरात बाबांनी जन्मभर भाजीपाला केला, आणि वाकल्याशिवाय भाजीपाला होत नाही. तेव्हा धाकट्या भावानं आणि मी फोनवर ठरवून टाकलं की वावर बटईनं द्यायचं. दुसऱ्यानं कसायचं आणि पीक अर्धं अर्धं वाटून घ्यायचं. आम्ही दोघंही शिकलेले, त्यामुळे ज्याचं वावर त्याला विचारावं हे सुचलं नाही. बाबांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी ते आज नाही उद्या करत पंधरा दिवस ढकललं, आणि त्यांचं मन रमावं म्हणून त्यांना खुर्चीत बसवून माझा खेळ दाखवला.

"हे वावर हाये?" बाबा म्हणाले. "याले धुरा कुठी हाये?"

धुरा म्हणजे बांध. तो त्या थंड देशातल्या माणसाला ठाऊक नव्हता. पुढचा तासभर बाबांनी त्याची बिनपाण्यानं केली. पाणी उताराच्या उलट चाललंय, रोपं दाटीनं लावली, आणि हा माणूस बिनकामाचा इकडून तिकडे काऊन फिरून राह्यला? दुसऱ्या दिवशी मात्र चहा संपायच्या आत त्यांनी विचारलं, "तुह्या वांग्याले पाणी देल्लं काय वो?" मी मनात म्हटलं, चला, जमलं. माणसाचं खरं वावर काढून घ्यायचं आणि त्याला चित्रातलं द्यायचं, आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूश व्हायचं.

चौथ्या दिवशी खेळातल्या वांग्याचा पहिला तोडा आला. या खेळात माल तोडला की विक्रीच्या पेटीत टाकायचा असतो. मी तिकडे निघाले, तर बाबांनी माझा हात धरला. आमच्या घरी पहिल्या तोड्याचं वांगं केळझरच्या गणपतीपुढे ठेवल्याशिवाय एक टोपलंही बाजारात जात नाही.

"इथं गणपती नाहीये, बाबा."

"हा कोण हाये मंग?" त्यांनी झोपडीच्या दाराशी असलेल्या दाढीवाल्या दगडी पुतळ्याकडे बोट दाखवलं. "कोणता का असेना, देवच हाये. ठेव त्याच्या पुढे."

मी ठेवलं, आणि खेळ अडकला. जमिनीवरची वस्तू ओलांडणं आमच्या शेतकऱ्याला जमत नाही. वांगं बरोबर दारात पडलेलं. उचलायला जावं तर तो पुतळ्याशीच बोलायला लागे. आत जाता येईना, झोपता येईना, आणि झोपल्याशिवाय या खेळात दिवस जमा होत नाही, त्या दिवशी केलेलं सगळं पुसलं जातं. शेवटी थकून तो कोसळला. खेळ पुन्हा सकाळवर आला आणि वांगं पुन्हा झाडावर. बाबांनी पुन्हा देवापुढे ठेवायला लावलं. पुन्हा तेच. बनवणाऱ्यानं सगळ्या चुका करून ठेवल्या होत्या, पण आपलं पहिलं पीक कुणी न विकता ठेवून देईल, हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला मी वैतागले. "बाबा, या वेळी सरळ विकून टाकू."

बाबा पडद्याकडे पाहतच राहिले. मग त्यांनी विचारलं, "आपल्या वावरातल्या वांग्याचा पह्यला तोडा आला असन. कोण करून राह्यलं?"

आता ढकलायला जागा उरली नव्हती. मी सांगितलं. बटईवाला सोमवारी येणार आहे, बोलणं झालं आहे, तुमच्या गुडघ्यासाठीच केलं. शेवटचं वाक्य बोलताना माझीच मला लाज वाटली.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पिशवी मागितली आणि म्हणाले, "मले बसवर बसवून दे."

मी नेमका त्यांचाच स्वभाव घेतला आहे, त्यामुळे अडवून उपयोग नव्हता. त्यांना बसमध्ये बसवलं आणि स्टँडवरूनच भावाला फोन केला, "बटईवाल्याला थांबव. वाकायला मी येते दर रविवारी."

त्या रविवारी बाबा धुऱ्यावर खुर्ची टाकून बसले आणि मी ओळीत वाकले. देठाचे काटे बोटांत घुसत होते. "देठ ठेवून तोड वो! मास्तरीण झाली, वांगं तोडता येत नाई," बाबा अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडत होते. दुपारपर्यंत माझी कंबर गेली. भाऊ तर कधीचाच झाडाखाली बसला होता. बाबांनी आम्हा दोघांकडे एकदा नीट पाहिलं. मग त्यांनी टोपल्यातून देवासाठी एक वांगं निवडलं आणि रुमालानं पुसलं.

"देऊन टाका बटईनं," ते म्हणाले. "तुमच्यानं होत नाई. मले एवढं इचारलं असतं, तं मी तवाच हो म्हणलं असतं."