फळीवरचं इंजेक्शन

दवाखान्यासमोरच्या औषधवाल्याने माझ्या बहिणीला फसवलं. मी समोर उभा असताना फसवलं.

खेडोपाडी फिरून कापूस घेऊन नांदुऱ्याला विकणारा माणूस मी. ढिगात हात घातला की ओल कळते. मला गंडवणारा अजून भेटायचा होता. बहिणीला सिझेरियनला नेताना डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली. मूल काढल्यावर गर्भाशय आवळून यावं, रक्त थांबावं, म्हणून द्यायचं इंजेक्शन. "फ्रिजमधलंच आणा," त्या म्हणाल्या.

भर मे महिना, पत्र्याचं दुकान. त्याने डबी काढली ती फळीवरून. हाताला गरम लागली.

"काय बे, हे तं तापलेलं हाये. फ्रिजमधलं दे."

"भाऊ, बाळंतिणीले कोणी थंड देते काय? मायले इचारा तुमच्या."

आई शेजारीच होती. "बरोबर बोलून राह्यला तो. थंडानं अंगात वारं शिरते."

आमच्याकडे बाळंतिणीला माठातलं पाणीही चालत नाही. त्याने आईचाच समज आईला विकला आणि माझं तोंड बंद केलं.

डबी तशीच आत दिली. मुलगी झाली, रडली. पण आतली धावपळ थांबेना. दार उघडलं तेव्हा नर्स दोन्ही हातांनी बहिणीचं पोट मळत होती, कणीक तिंबावी तसं. चादर लाल. गर्भाशय सैलच. दुसरी औषधं झाली, रक्त चढवलं. शेवटी गर्भाशय काढलं, तेव्हा ती वाचली.

डबी गरम होती हे मी सांगितल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यानंच झालं असं छातीठोक नाही सांगता येणार. पण हे औषध उष्णतेत मरतं."

आता घरात कोणी कणीक तिंबायला परात घेतली की मी बाहेर पडतो. बाहेरही तो हसरा आवाज असतोच: थंड देते काय? बहीण पोटावर हात ठेवून विचारते, "दादा, माही पिशवी काऊन काढली?" मी विषय बदलतो.

औषधवाला म्हणतो, "बाळंतपणात होते असं, भाऊ." पुढे एकदा त्याच्या दुकानातला फ्रिज उघडून पाहिला. चालू होता. आत कोल्ड्रिंकच्या बाटल्या खच्चून भरलेल्या.

मला त्याची माफी नको. त्याने आमच्या घरी यावं, बहिणीसमोर बसावं, आणि तिची पिशवी काऊन गेली ते स्वतःच्या तोंडाने सांगावं.