मिस्त्रींची सुतळी

अंधेरीच्या गॅरेजातल्या त्या मिस्त्रींचं नाव मी कधी विचारलं नाही. बसलेल्या टॅक्सीला लॉरी धडकल्यापासून आमच्या कॉलेजातल्या सरांचा उजवा गुडघा वाकत नव्हता. ताठ पाय ठेवता येईल अशी गाडी मिळेपर्यंत त्यांचं शिकवणं बंद होतं. जुन्या मोटारी बघायला मी सर आणि मिस्त्री यांच्यासोबत जात असे. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सरांचा पाय कमरेपासून टाचेपर्यंत सुतळीने मापला आणि ती सुतळी खिशात ठेवली.

मग दर रविवारी तेच. गाडीचा मालक इंजिनाचं कौतुक करत असायचा आणि मिस्त्री मागच्या सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटपर्यंत सुतळी ताणत असायचे. "ही नको, सायबानू. पाय मावाचो नाय." एवढंच बोलायचे. उन्हात फिरून आम्ही तिघंही कंटाळलो होतो.

पाचव्या गाडीत सुतळी ताणूनही चार बोटं जागा उरली. मिस्त्रींनी दार उघडून धरलं. सरांनी दाराला हात लावला आणि ते मागे सरले. "पुढच्या रविवारी बघू," ते म्हणाले. हे आता कधीच गाडीत बसणार नाहीत, असं मला वाटलं.

मिस्त्री स्वतःच आत शिरले, उजवा पाय सरांसारखा ताठ ठेवून बसले आणि मालकाच्या ड्रायव्हरला म्हणाले, "रेल्वेचं फाटक ओलांडून परत आण. खड्डे चुकवू नको."

परत आले तेव्हाही पाय तसाच ताठ होता. मग ते पलीकडे सरकले. "बाजूक मी आसंय. येवा."

सरांनी आधी काठी आत ठेवली.