गाठ मारलेल्या पिशव्या

५ फेब्रुवारी २००६, रविवार. आमगाव. हजर: शेजारच्या काकू, त्यांचे मिस्टर, जनावरांचे डॉक्टर आणि मी. काकूंची गाभण गाय सकाळी मेली होती. काय झालं ते कळावं म्हणून डॉक्टरांनी परसातच तिचं पोट उघडलं.

आतून घमेलंभर पन्नी निघाली, सगळ्या प्लास्टिकच्या पिशव्या. डॉक्टर एकेक पिशवी ओढून बाजूला ठेवत होते. पुष्कळ गाठी शाबूत होत्या.

"काऊन बांधून फेकतेत लोक?" काकू म्हणाल्या. "सुट्टं टाकलं असतं तं खाऊन पन्नी सोडून देली असती तिनं."

"वास येतो, गाठ सोडता येत नाही. मग अख्खी गिळते," डॉक्टर म्हणाले.

काही गाठींना हिरव्या काठाची पट्टी होती. माझ्या जुन्या साडीची. शिळा भात, भाजीची देठं पिशवीत भरायची, पट्टी आवळायची आणि कोपऱ्यावरच्या ढिगावर नेऊन ठेवायची. कचरा पसरू नये म्हणून ही पद्धत मीच घरात बसवली होती.

मी घरी येऊन कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी डबे वेगळे केले. ओलं परसातल्या खड्ड्यात. त्याचं खत होतं, ते उन्हाळ्यात धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात जातं. दुधाच्या पिशव्या आणि बाटल्या धुऊन, वाळवून भंगारवाल्याला. पुढे याचं काय होतं, असं त्याला विचारलं.

"रायपूर जाता है दीदी. गला के दाना बनाते हैं, फिर बाल्टी, मग्गा."

पातळ पन्नी पुढे केली तर त्याने हात मागे घेतला. "ये कोई नहीं लेता."

जे कोणीच घेत नाही ते घरातच आणायचं नाही, असं ठरवलं. तेव्हापासून बाजारात कापडी पिशवी नेते.

काकू गल्लीतल्या बायकांना सांगतात, "वहिनीपासून शिका जरा. यायच्या घरून एक पन्नी निघत नाही." एकदा फाटकापाशी मला म्हणाल्या, "माह्या गाईसाठीच करून राहिल्या न तुमी? मले समजते."

मी हो म्हटलं.

गाय मेली त्याला सहा वर्षं झाली. दर महिन्याच्या यादीत शेवटचं काम असतं: काकूंना सांगणे. बाकीच्या कामांवर रेघ ओढते आणि हे पुढच्या पानावर उतरवून घेते.